थर्मास घेऊन ये

पायसांदू, ९ जानेवारी २०१९

नेली,

तू साल्तोहून माँतेव्हिदेओची तिकिटं काढलीस. तीस मार्च, सकाळची गाडी, दोन जागा, सामान सहा नग, परतीचं काही नाही. मला कुणी सांगितलं नाही. बसस्थानकाच्या तिकीट खिडकीत बसणाऱ्या बाईला कुणी सांगावं लागत नाही, कॉम्प्युटरवर नाव टाकलं की सगळं समोर येतं. हे नियमात बसत नाही, मला ठाऊक आहे. पण तुझं नाव मी नऊ वर्षं रोज टाकते आहे. खिडकी उघडली की आधी ते, मग बाकीचं जग. रोज रिकामं यायचं आणि मग माझा दिवस सुरू व्हायचा. काल रिकामं आलं नाही.

तुझा दारियो नोकरीसाठी विगोला जाऊन बसलाय हे आधीच कानावर आलं होतं. म्हणजे आता तू आणि मिका, दोघी मायलेकी त्याच्यामागे स्पेनला. बरं आहे. तिथे समुद्र आहे म्हणतात.

हे पाकीट दुपारची साल्तोची गाडी चालवणारा विल्सन आणून देईल. फोन तू घेणार नाहीस आणि त्यात तुझी चूक नाही. दिवसाला चौदा वेळा फोन करून "मिका ठीक आहे ना?" एवढंच विचारणाऱ्या आणि उत्तर मिळालं की खाली ठेवणाऱ्या बहिणीचा नंबर मीही बंद केला असता. मी तर दुसऱ्याच दिवशी केला असता, तू वर्षभर दम धरलास.

कामाचं सांगते. मिकाच्या बाप्तिस्म्याचं पदक अजून माझ्या खणात आहे. मागे कोरलंय: मिकाएला, २९ नोव्हेंबर २००९. धर्ममाता मी, आणि चर्चमध्ये सगळे होते, फक्त धर्ममाता नव्हती. दारियोच्या बहिणीला ऐन वेळी उभं केलंत म्हणे. मला हे पदक मिकाच्या हातात द्यायचं आहे. तुझ्या नाही, विल्सनच्या नाही, तिच्या. तीस मार्चच्या आत मी साल्तोला येणार.

आणि एक. त्या रविवारी तुझ्या घरातून तशी निघून गेले, तेव्हा म्हणाले होते की गॅस बंद करायचा राहिला. पुढे म्हणाले की मला मुलंच आवडत नाहीत. दोन्ही खोटं होतं. खरं काय ते लिहायला आज हात धजत नाही. पण मी लिहीन.

झुल्मा

ता.क. मिका ठीक आहे ना?


पायसांदू, २६ जानेवारी

नेली,

पार्सलच्या पावतीच्या पाठीवर तीन शब्द आणि सही: "पदक पार्सलने पाठव. नेली." तीन तर तीन. तुझं अक्षर पाहिलं आणि मी खिडकीला पाटी लावून आत जाऊन रडले. बाहेर तुमच्या साल्तोच्या गरम पाण्याच्या कुंडांना निघालेले म्हातारे रांगेत बोंबलत होते. बोंबलू दे म्हटलं, गुडघे काही पळून जात नाहीत.

मग डोळे पुसून मी शहाण्यासारखी डबी आणली, कापूस घातला, पदक ठेवलं, चिकटपट्टी गुंडाळली, तुझा पत्ता घातला आणि पार्सलच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. किती सोपं होतं गं! डबी सरकवायची, की संपलं. तुझं तोंड बघायला नको, तिच्या जवळ उभं राहायला नको. आणि इतकं सोपं वाटतंय याचीच मला भीती वाटली. गेल्या नऊ वर्षांत माझं सगळं आयुष्य असंच सोपं होत गेलंय. आधी तुझं घर सोडलं. मग थर्मास सोडला. मग सुऱ्या देऊन टाकल्या, आता मी कापलेलाच पाव आणते. शेजारणीला मूल झालं तर मी घर बदललं. एकेक गोष्ट गेली आणि प्रत्येक वेळी हायसं वाटलं. डबी परत घरी आणली. चिकटपट्टी तशीच आहे.

थर्मासवरूनच मी पकडले गेले. या देशात माणूस एक वेळ चपला विसरेल, पण काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात येर्बाच्या पाल्याचा, नळी खुपसलेला तुंबा नसेल तर लोक विचारतात, बरं नाही का? मी सगळ्यांना पित्ताचं कारण सांगायचे. इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरने पोटात नळी घालून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तुमचं पोट माझ्यापेक्षा चांगलं आहे. येर्बा का सोडलीत, ते खरं सांगा." मी पुष्कळ आढेवेढे घेतले. शेवटी सांगितलं. त्याने मला माँतेव्हिदेओला डॉक्टर आरोसेनांकडे पाठवलं. तुझ्यापेक्षा लहान असेल ती, केस मुलासारखे कापलेले, आणि बोलणं अगदी रोखठोक.

आजाराचं नाव मंत्रचळ. हात धुणारी माणसं तू पाहिली असशील. मी हात जेवणाआधी एकदा धुते, तेही कधी विसरते. माझा मंत्रचळ टाळण्याचा आहे. डॉक्टर माझ्यासारख्या लोकांच्या डोक्यांचा अभ्यास करतात, यंत्रात घालून डोक्याचे फोटो काढतात. तुम्हाला चालेल का म्हणाल्या. म्हटलं घाला.

एका नळकांड्यात झोपवतात. बाहेर कुणी पत्र्यावर हातोडे मारावेत तसा आवाज. मनगटाला तारा, समोर आरशात रंगीत दिवे दिसतात. निळा लागला तर काही नाही. पिवळा लागला की थोड्या वेळाने मनगटाला बारीक झटका. पण पिवळा दिसताच बटण दाबलं तर झटका टळतो. सोपं. मी हुशार, एकही चुकवला नाही. मग त्यांनी मला बाहेर ओढलं, माझ्यासमोर मनगटाच्या तारा काढल्या, मला दाखवल्या, टेबलावर ठेवल्या. "आता झटका येऊच शकत नाही, झुल्मा. पुन्हा एकदा दिवे बघा, बस." पुन्हा आत. पिवळा लागला. मी बटण दाबलं. तारा टेबलावर आहेत हे मला माहीत होतं नेली, दिसल्या होत्या, आणि तरी मी पिवळ्याला दर वेळी बटण दाबलं. शेवटी अंगठा दुखायला लागला.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी समजावलं. डोक्यात पुढच्या बाजूला ठरवणारा भाग, आत खोल सवयी सांभाळणारा भाग, आणि या दोघांचं आपसात सतत बोलणं चालू असतं. जे फार टाळतात त्यांच्यात हे बोलणं वेगळ्या रीतीने चालत असावं, असा त्यांचा अंदाज आहे. खात्री अजून नाही, शोधतायत. मी म्हटलं, "मग माझा फोटो बघून लिहून द्या, की या बाईच्या तारा अशा आहेत, ही धोकादायक नाही. सही करा, शिक्का मारा. माझ्या बहिणीला दाखवायचंय."

"नाही देणार," त्या म्हणाल्या.

"का?"

"एक तर एकट्याच्या फोटोवरून असं काही सांगता येत नाही. चाळीस जणांचे एकत्र केले तर कुठे काहीतरी पुसट दिसतं. आणि दुसरं, आज दिलं तर उद्या तुम्ही दुसरं मागाल. परवा तिसरं."

मला राग आला. कारण मी खरोखरच दुसरं मागितलं असतं.

फोटो मात्र मागून घेतला, तो सोबत ठेवलाय. त्यावरून काही सिद्ध होत नाही. तरी बघ, माझं डोकं आहे ते.

झुल्मा


पायसांदू, १२ फेब्रुवारी

नेली,

विल्सन गाडीतून उतरता उतरता सगळ्या रांगेसमोर ओरडला, "झुल्माबाई, बहिणीचा निरोप आहे! फ्लॉवरचा गड्डा पोचला म्हणे!" मी इतकी हसले की सुटे पैसे हातातून सांडले. माझ्या डोक्याच्या फोटोवरून! नऊ वर्षांत तू माझ्याशी केलेली ही पहिली थट्टा.

त्या जोरावर आज लिहिते. एका दमात लिहिणार आहे, खाडाखोड करणार नाही.

पंधरा नोव्हेंबर. तू पाव आणायला कोपऱ्यावर गेलीस. मिका सात महिन्यांची, माझ्या मांडीवर बसून माझं बटण चघळत होती. खाली दोन दात. माझ्या डाव्या हाताशी थर्मास, पाणी नुकतंच भरलेलं. तुंब्यात पाणी ओतायला मी थर्मास उचलला आणि डोक्यात आलं, हे हिच्या अंगावर ओतलं तर.

एवढंच. कुणी बोललं नाही, कानात आवाज आला नाही, मला तिचा राग आलेला नव्हता. नुसतं चित्र दिसलं, आणि त्या चित्रातला हात माझा होता. मी डोळे मिटले तर ते आणखी स्पष्ट दिसायला लागलं. तिची कातडीसुद्धा दिसली मला. मी तिला गालिच्यावर ठेवलं, थर्मास बाहेर नेऊन सगळं पाणी तुझ्या जास्वंदीच्या मुळाशी ओतलं आणि चालू लागले. दार उघडं टाकून. तू आलीस तेव्हा तुझं पोर जमिनीवर एकटं रडत होतं आणि शेजाऱ्यांचा कुत्रा तिला हुंगत होता. तुझ्या जागी मी असते तर माझा गळा धरला असता.

घरी गेले तर चित्र माझ्या आधी पोचलेलं. बाप्तिस्म्याच्या दिवशी मी तयार होऊन चर्चच्या समोरच्या चौकात बाकावर बसले होते, अंगात तो हिरवा ड्रेस, पदक पर्समध्ये. धर्ममातेने मूल हातात धरायचं असतं आणि पुढ्यात पाण्याचं कुंड. थंड पाणी असतं ते, मला माहीत होतं. तरी उठता आलं नाही. तुम्ही सगळे बाहेर आलात, फोटो काढलेत, मी झाडाआडून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तू दारात येऊन म्हणालीस, "काय बाई आहेस तू? दगड आहेस का?" आणि मी म्हणाले, "मला मुलं आवडत नाहीत. माझ्यात ते नाहीच." खरं सांगितलं असतं तर तू मला पुन्हा घरात घेतलं नसतंस, म्हणून मी असं काही सांगितलं की तू मला पुन्हा घरात घेतलं नाहीस. असा माझा हिशोब. त्यानंतर तुम्ही साल्तोला गेलात आणि मी रोज त्या गावाची तिकिटं विकत बसले.

डॉक्टर म्हणतात, असे विचार पुष्कळांच्या डोक्यात येतात, आयांच्यासुद्धा. येतात आणि जातात. माझा गेला नाही, कारण मी त्याला पळून दाखवलं. पळालं की डोकं समजतं, धोका खरा होता आणि पळाल्यामुळे टळला. मी विचारलं, "म्हणजे मी तसं काही करणार नाही ना?" त्यांनी एकदा नीट उत्तर दिलं. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाल्या, "उत्तर दिलंय." तिसऱ्यांदा त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मला त्यांना थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि असा विचार आल्याचं मी त्यांना सांगितलंसुद्धा. त्या खूश झाल्या.

आता हे वाचून तुला वाटलं की ही बाई माझ्या मुलीच्या वाऱ्यालाही नको, तर तो तुझा हक्क आहे. तुझ्या जागी कुणालाही वाटेल. पण मला निदान खऱ्या कारणासाठी बाहेर ठेव. मुलं आवडत नाहीत म्हणून नको. ते बटण अजून माझ्याकडे आहे.

नवा नियम लागू झालाय: पत्रात "ती ठीक आहे ना" असं विचारायचं नाही. मागच्या पत्रात विचारलं नव्हतं, लक्षात आलं का? ओळ लिहिली होती. पान पुन्हा लिहून काढलं.

झुल्मा


पायसांदू, ४ मार्च, कार्निव्हलचा सोमवार

नेली,

वीस दिवस झाले. विल्सन रोज गाडीतून उतरताना माझ्याकडे बघून मान हलवतो. आज त्याने मान हलवायचीही टाळली, नुसतीच टोपी काढली.

तू लिहू नकोस. मी लिहिते.

डॉक्टरांनी मला यादी करायला लावली. जे जे टाळते ते सगळं, सर्वांत सोपं खाली, सर्वांत अवघड वर. आणि एकेक चढायचं. पळायचं नाही, विचार हाकलायचा नाही, कुणाला "काही होणार नाही ना" विचारायचं नाही. घाम फुटू द्यायचा आणि तिथेच बसायचं. त्या म्हणतात डोक्यातल्या वाटा वापराने पडतात, नव्या वाटा पाडायला पाय दुखवावे लागतात. मी म्हटलं मला पाय नको, डोकं दुरुस्त करून हवंय. म्हणाल्या, हाच रस्ता आहे.

पहिला आठवडा: रिकामा थर्मास काखेत घेऊन कामावर. सगळं स्थानक अभिनंदन करायला आलं, पित्त बरं झालं म्हणून. दुसरा आठवडा: भरलेला. तिसरा: रांगेत कडेवर मूल घेतलेली बाई आली तरी थर्मास खिडकीच्या फळीवरून उचलायचा नाही. त्या दिवशी मी एका बिचारीला मेलोचं तिकीट दिलं, तिला मर्सिदेसला जायचं होतं.

चौथ्यासाठी खरं मूल हवं होतं. मला कोण देणार? मग मी विल्सनला सगळं सांगितलं. त्याला सहा महिन्यांची नात आहे. स्थानकामागच्या बाकावर सांगितलं, त्याची गाडी सुटायच्या आधी. त्याने ऐकून घेतलं. मला वाटलं, आता हा उठून जाईल आणि उद्यापासून सगळं गाव माझ्या खिडकीपासून दूर उभं राहील.

मग म्हणाला, "पाणी उकळू देत नाही ना तुम्ही?"

"काय?"

"उकळलं की येर्बा जळते. नऊ वर्षांत विसरला असाल. उकळायच्या जरा आधी उतरवायचं. बाकी मला काही कळत नाही, पण रविवारी या."

गेले. त्याची मुलगी म्हणाली, "बाबांनी सांगितलंय सगळं. मी इथेच आहे, पण मध्ये बोलणार नाही." पोर माझ्या मांडीवर, थर्मास शेजारी. चित्र आलं. पळाले नाही. पुन्हा आलं. प्यायला गेले तर नळी नाकात घातली. पाऊण तास बसले. शेवटी शेवटी चित्र येत होतं, पण कोपऱ्यात टीव्ही चालू असावा आणि कुणी बघत नसावं, तसं. पोरीने माझ्या नव्या ब्लाउजवर दूध काढलं. मी घरी जाऊन तो ब्लाउज दोन दिवस धुतला नाही.

आता कबुली. शुक्रवारी मी घसरले. स्थानकातल्या सार्वजनिक फोनवरून तुला तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी मिकाने उचलला. "हॅलो? हॅलो? कोण बोलतंय? श्वास घेताय ते ऐकू येतंय हं!" मी ठेवून दिला. तिचा आवाज तुझ्यासारखा घोगरा आहे. आवाज ऐकून दहा मिनिटं बरं वाटलं, मग आधीपेक्षा वाईट. ती मी होते. तिला घाबरवलं असेल तर माझ्या वतीने माफी माग.

यादीतली सर्वांत वरची ओळ तुला ठाऊक आहे. तीस मार्चला सव्वीस दिवस आहेत. तू बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तर तीस तारखेला तुमची गाडी इथे दहा मिनिटं थांबते, मी फलाटावर असेन, थर्मास काखेत, खिडकीच्या काचेबाहेर. आता झाडामागे लपून मी काहीच बघणार नाही.

झुल्मा


पायसांदू, १८ मार्च

नेली,

काल संध्याकाळी तुझ्या दारातून निघाले आणि आज तुलाच पत्र लिहिते आहे, म्हणजे सवय बघ. पण तू गच्चीवर होतीस तेव्हा खाली काय झालं ते तुला माहीत नाही, आणि यापुढे तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं मी ठरवलंय.

आधी तुझी चिठ्ठी. "रविवारी दहाला ये. थर्मास घेऊन ये." मला वाटलं होतं, बोलावलंस तरी म्हणशील, हात रिकामे ठेवून ये, दार उघडं ठेवून बसू. चिठ्ठी घेऊन मी विल्सनकडे गेले तर तो म्हणाला, "वाचलीय मी. पाकीट उघडंच होतं." नालायक आहे तो.

दारात तू मिठी मारली नाहीस. बरं केलंस, मी कोसळले असते. केसांकडे बघून म्हणालीस, "पिकलीस गं." आणि मी म्हटलं, "तू काय सोळा वर्षांची दिसतेस वाटतं?" आणि मिका मधे येऊन उभी राहिली, नऊ वर्षांची, लांब पायांची, गुडघ्याला खरचटलेलं. "मावशी, फोनवर श्वास घेणारी तूच ना?"

स्वयंपाकघरात तू बटाटे सोलताना माझ्याकडे पाठ करून जे बोललीस, ते मी बसमध्ये शंभर वेळा ऐकलं. "मलाही यायचे तसे विचार. ती तान्ही असताना, जिना उतरताना. हातातून सोडून दिली तर? मी म्हणायचे, काय मूर्खपणा आहे, आणि उतरायचे खाली." मला आधी रडू आलं नाही, राग आला. नऊ वर्षं, नेली! तुलाही येत होते आणि तू सरळ जिना उतरत होतीस! मग तू म्हणालीस, "आठवतं, आई आपल्याला कधीच आंघोळ घालायची नाही. शेजारची चोला यायची. रोज. आई बाहेर अंगणात उभी." आणि आपण दोघी बटाट्यांकडे बघत राहिलो. आईला आता विचारता येणार नाही. मला तिची फार दया आली.

मग तू थर्मासमध्ये पाणी भरलंस, माझ्यासमोर ठेवलास, मिकाला म्हणालीस, "मावशीला कंपनी दे," आणि ओल्या कपड्यांची टोपली उचलून निघून गेलीस. मी वाट बघत होते, तू जिन्यात थांबशील. थांबली असतीस तर मला कळलं असतं. पण वरून चिमट्यांचा आवाज यायला लागला, आणि एक चिमटा गच्चीवर पडून घरंगळला, आणि मला कळलं की तू खरंच वर आहेस आणि खाली तुझी मुलगी माझ्याकडे सोपवून गेली आहेस.

आता ते सांगते. मिका टेबलावर कोपरं टेकून माझ्या अगदी जवळ बसली होती. मी पहिला तुंबा स्वतः प्यायले, रीतीप्रमाणे. दुसरा तिचा. "आई मला दोनच देते," ती म्हणाली, "पण तुला माहीत नाही असं समजू." मी थर्मास उचलला. चित्र आलं. अगदी तेच, जुनं, तिची कातडी आणि माझा हात. मी त्याला म्हटलं, बस इथे, आणि ओतायला लागले. हात हलला. पाणी तुंब्याच्या काठावर आपटलं आणि चार थेंब तिच्या मनगटावर उडाले.

नेली, मी नऊ वर्षं ज्याच्यापासून पळत होते ते झालं. माझ्या हाताने. तिच्या अंगावर.

"आई गं!" म्हणाली ती, मनगट चाटलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तू आईपेक्षा वाईट ओततेस. दे, मी ओतते." आणि माझ्या हातातून थर्मास घेतला. मी तिला नळाखाली हात धरायला लावला, ते कुणीही लावलं असतं. एकदा. तिने दाखवलं, पुसट लाल. मला पुन्हा बघायचं होतं. पाच मिनिटांनी पुन्हा. मी माझे दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांच्यावर बसून राहिले. ती शाळेतल्या कुठल्याशा मास्तरांची नक्कल करून दाखवत होती. तू टोपली घेऊन खाली आलीस तेव्हा मी हातांवर बसलेलीच होते. तू बघितलंस.

पदक मी तिला आधीच दिलं होतं, डबीसकट. चिकटपट्टी सोडवायला तिने दात लावले. मागची तारीख वाचून म्हणाली, "हे तर खूप जुनं आहे." मी म्हटलं, "हो. उशीर झाला मला." तिने ते गळ्यात घातलं आणि विसरून गेली.

मनगटाचं तुला सांगितलं नव्हतं, आता सांगितलं. यापलीकडे त्यात काही नाही.

तीस तारखेला मी फलाटावर असेन. दहाच मिनिटं मिळतील, पण खाली उतरा दोघी.

झुल्मा


पायसांदू, २१ एप्रिल

नेली,

हे पत्र विल्सन आणू शकत नाही, म्हणून तो नाराज आहे. विगोपर्यंत गाडी लावा, मी चालवतो म्हणतो. मी त्याला म्हटलं, आधी साल्तोची वेळेवर पोचव.

त्या दिवशी फलाटावर तू मला मिठी मारलीस तेव्हा तुझ्या खांद्याला माझा थर्मास लागला आणि तू म्हणालीस, "हा आता तुला चिकटला." मिकाने काचेतून पदक दाखवलं. गाडी गेली. मी खिडकीवर परत आले आणि पहिल्या माणसाला दोलोरेसचं तिकीट बरोबर दिलं.

डॉक्टर आरोसेनांकडे परवा पुन्हा त्या नळकांड्यात जाऊन आले. सहा महिन्यांनी आणखी एकदा जायचं आहे. दिवे तेच, निळा आणि पिवळा. या वेळी तारा काढल्यावर मी सगळ्या पिवळ्यांना बटण दाबलं नाही. अर्ध्यांना दाबलं. फोटोत फरक दिसतो का विचारलं तर म्हणाल्या, एकट्याच्या फोटोवरून सांगता येत नाही. मी म्हटलं, राहू दे मग.

कॉम्प्युटरवर तुझं नाव तीस मार्चनंतर टाकलेलं नाही. आज बावीस दिवस झाले. सकाळी बोटं आपोआप तिकडे जातात, मी त्यांना तुंबा धरायला देते. मंगळवारी विल्सनची नात येणार आहे, तिला आता बसता येतं, आणि तिची आई तिला माझ्याकडे ठेवून दात काढून घ्यायला जाणार आहे. तीन तास.

तुझं पत्र अजून आलेलं नाही. घर लावायला वेळ लागतोच, शाळा बघायची असेल, दारियोला कामावरून सुट्टी नसेल. किंवा आणखी काही असेल. मला माहीत नाही. पत्र इथवर आलं की पुढचं वाक्य काय असायचं, ते तुला ठाऊक आहे. नऊ वर्षं एकच वाक्य होतं. तिच्या मनगटावर डाग राहिला की गेला, हेही त्यात आलं.

ते वाक्य लिहीत नाही. पाणी ठेवलंय, उकळायच्या आधी उतरवायला हवं. उठते.

झुल्मा